आतलं लाकूड

जळगावात चैत्र-वैशाखातल्या दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नसे, त्या वेळी आमचे घरमालक अंगणातल्या नावेत झोपलेले असत. नाव कोरड्या जमिनीवर होती. चार दगडी ठोकळ्यांवर उभी केलेली, वर कडुलिंबाची सावली, अंगावर ओली पोती. कडुलिंबाचा मोहर तिच्यावर झडत राही आणि पोत्यांतून पाणी टपकत राही. माझ्या खोलीच्या खिडकीतून मला त्यांचे दोन पाय तेवढे नावेच्या काठावर दिसत. गरम वाऱ्याची झुळूक आली की पायाची बोटं हलत. वारा कुठून येतोय याचा शोध त्यांचा झोपेतही चालू असे.

सगळे त्यांना नाना म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

मी जळगावला आले ती दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला. सव्वीस वर्षांची विधवा बाई एकटी राहणार म्हटल्यावर तीन घरांतून मला नकार मिळाला होता. चौथं घर नानांचं. मी फाटक उघडून आत गेले तेव्हा नावेच्या काठावरून एक टक्कल वर आलं. तोंडात दोन पितळी स्क्रू होते, ते त्यांनी हातात घेतले आणि विचारलं,

"पोहता येतं?"

"नाही."

"शिवता येतं?"

"तेच शिकवते."

"मग वरची खोली तुमची. किल्ली अक्काकडे आहे."

टक्कल पुन्हा खाली गेलं. नाव, गाव, जात, नवरा कशाने गेला, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पुढच्या सहा वर्षांतही विचारलं नाही.

अक्का म्हणजे त्यांची बायको. उंच, हाडापेराने मजबूत, शिरपूरकडची. मूलबाळ नव्हतं. घर सगळं तिच्या हातात आणि अंगण सगळं नानांच्या. ओसरीची पायरी ही दोघांमधली हद्द होती. अक्का ती पायरी उतरून नावेपाशी कधी जात नसे. नावेला ती नावही म्हणत नसे. "तुमच्या नानांना म्हणावं, 'त्या'तून उतरा, जेवायला वाढलंय," असा निरोप माझ्याकडे द्यायची.

नानांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या खात्यात ओव्हरसियर म्हणून झाली होती. साक्री, पिंपळनेर, धुळे. धुळ्याजवळच्या एका तलावावर त्यांचा वरिष्ठ इंजिनियर साहेब हौसेने एक लहानशी शिडाची नाव चालवत असे. मुंबईला बांधून घेतलेली आणि आगगाडीने चाळीसगावमार्गे आणवलेली. लांबी सोळा फूट, पुढच्या अंगाला दोन माणसं वाकून बसतील एवढी खोली, आत दोन बाकं, भिंतींना लाकडाच्या पट्ट्यांचं अस्तर. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा नाव नानांना देऊन गेला. निवृत्त झाल्यावर नानांनी ती जळगावला आणली. दोन बैलगाड्या मागेपुढे जोडून, वर नाव बांधून, धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत.

ही वाटचाल नाना मला अनेकदा सांगत आणि दर वेळी त्यांचा आवाज हळू होत जाई. भर उन्हाळा. दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी, भेगाळलेली शेतं. आणि मधून सोळा फुटांची नाव चाललेली. गावोगावची माणसं रस्त्यावर येत.

"हाई काय शे, भाऊ?"

"नाव शे," गाडीवान सांगे.

"मंग पानी कोठे शे?"

"पुढे," नाना सांगत.

चार दिवस आणि साठ मैल त्यांनी एवढं एकच उत्तर दिलं. पारोळ्याच्या अलीकडे एका वस्तीवर एक म्हातारी घरातून तांब्या घेऊन आली आणि तिने नावेच्या तोंडावर पाणी ओतलं. "तिले तीस लागनी व्हई," म्हणाली. तहान लागली असेल तिला. नाना म्हणत, "मास्तरीणबाई, मी तीस वर्षं पाण्याची मोजमापं लिहिली. पण नावेला तहान लागते हे त्या बाईने सांगितलं." त्यानंतर जळगावच्या अंगणात त्यांनी नावेवरची पोती एक दिवसही सुकू दिली नाहीत.

नावेला नाव नव्हतं. साहेबाने रंगवलेली अक्षरं उन्हाने उडाली होती. मी एकदा म्हटलं, काहीतरी नाव ठेवा. "नाव म्हणजे नाव," ते म्हणाले. "आणखी काय ठेवायचं?"

आणि ती पाण्यातही जात नव्हती. मेहरूणचा तलाव गावापासून काही लांब नव्हता. लोक विचारत, नाना, कधी सोडणार? नाना म्हणत, आतलं काम झालं की. आतलं काम म्हणजे ते अस्तर. उन्हापावसाने त्याच्या पट्ट्या वाकल्या होत्या, कडा कुसल्या होत्या. साहेब जिथे हात टेकून आत शिरे तिथलं लाकूड झिजून खोलगट झालं होतं. मी आले त्या वर्षी नानांनी हे अस्तर बदलायला काढलं. दुसऱ्या कुणी महिन्याभरात उरकलं असतं. नानांना अडीच वर्षं लागली.

त्यांची पद्धत सांगते. एक पट्टी घ्यायची. तिचे पितळी स्क्रू एकेक करून सोडवायचे, ते राखेने घासून वाटीत ठेवायचे. पट्टीच्या मागे खडूने आकडा लिहायचा. मग ती मांडीवर घेऊन बसायचं. बोटाने तिच्यावरून फिरत राहायचं. "इथे साहेबाची मडम पाठ टेकायची. इथे तिची अंगठी लागायची, बघा रेघ." असा अर्धा दिवस जाई. मग जुनी पट्टी नव्या सागावर ठेवून शिसपेन्सिलीने कड आखायची. नावेची आतली बाजू कुठेच सरळ नसते, प्रत्येक पट्टीला वेगळा बाक. कापली, रंधली, लावून बघितली, तसूभर कमी निघाली की नाना ती बाजूला ठेवत. चिडत नसत. "हिची जागा इथे नव्हती," एवढंच म्हणत. अशा जागा नसलेल्या पट्ट्यांची ओसरीखाली रास झाली होती आणि अक्का त्या चुलीत घालत असे.

कामाला एक सुतार येत. दाढी पांढरी, बैलगाड्या आणि दारंखिडक्या करण्यात हयात गेलेली. त्यांना सगळी आळी चाचा म्हणे. नावेचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पहिल्या दिवशी नावेभोवती तीन फेऱ्या मारून ते म्हणाले, "नाना, इसमें एक भी काटकोना नही है. मैं पकडू किसको?" पण ते रमले. पट्ट्या निघाल्यावर मागची उघडी लाकडं दिसली, त्यांच्या सांध्यांत फटी होत्या. चाचांनी त्यांत कापसाचा पीळ ठोकून बसवला. त्या कामाला कापूस लागतो आणि जळगावात कापसाला काय तोटा!

पण बाकांवरच्या गाद्यांत कापूस भरायला नानांनी साफ नकार दिला. गाद्या मी शिवणार होते. "कापूस पाणी पितो," ते म्हणाले. "काथ्या पाहिजे." काथ्या मुंबईहून आला. अक्का ओसरीवरून म्हणाली, "गावात कापसाचे डोंगर पडलेत आणि हे नारळाच्या शेंड्या मागवतात." चाचा तोंडात खिळे धरून हसले आणि एक खिळा गिळता गिळता वाचले.

रविवारी मी नावेतच शिवायला बसे. कॅनव्हास जाड, सुई बोटाला लागे. नाना समोर पट्टी घेऊन. कडुलिंबाची सावली नावेवर हलायची, पोत्यांचं पाणी थेंब थेंब पडायचं, आणि थोड्या वेळाने मला खरोखर वाटायचं की आपण चाललोय. एकदा मी म्हटलं, "नाना, हलल्यासारखं वाटतंय." त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुठल्या बाजूला?" मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. वारा पश्चिमेचा आहे."

शाळेत माझ्याशी कुणी मोकळेपणाने बोलत नसे. त्या कोरड्या नावेत मी त्या वर्षी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

आता अक्काचं सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की अक्का ज्वारी निवडताना ताटाकडे बघत नाही. नजर समोर आणि बोटं खडे वेचतायत. मग दिसलं की ती दिव्याची वात चाचपून लावते. फडताळातल्या डब्यांच्या जागा तिने ठरवून टाकल्या होत्या आणि मी एक डबा इकडचा तिकडे ठेवला तर चिडायची. एका दुपारी मी ओसरीवर सूप ठेवलं होतं, त्याला ती अडखळली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मी धावले. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"कळलं ना तुला?"

मी मोकळ्या हाताने सूप बाजूला सरकवलं.

"डोळे जाताहेत माझे. भावाबरोबर धुळ्याला जाऊन आले, माहेरी जाते म्हणून सांगून. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू आहे, उशीर झालाय. डावा गेलाच. उजव्याने कडेकडेचं दिसत नाही, मधलं तेवढं दिसतं. वर्ष, दीड वर्ष. मग तेही नाही."

"नानांना सांगा, अक्का."

"अजिबात नाही!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मी अंगणाकडे बघितलं. नाना रंधा मारत होते. "त्यांना कळलं तर 'ते' सोडून मला घेऊन मुंबई-पुणं करत फिरतील. व्हायचं काही नाही. माझे डोळे जायचे ते जातील, त्यांचाही जीव जाईल. तू शपथ घे."

मी शपथ घेतली.

त्यानंतर घरात जिकडे तिकडे मी अक्काच्या पुढे पुढे राहू लागले. सूप उचल, पाट सरकव, दार पूर्ण उघड. आणि नावेत नानांसमोर बसले की मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नसे. हा माणूस लाकडावरची अंगठीची रेघ ओळखतो आणि घरातल्या बाईकडे याचं लक्ष नाही, असा रागही येई.

त्याच हिवाळ्यात नानांनी कामाची सगळी आखणी बदलली. डाव्या बाजूचं अस्तर सागाचं झालं होतं. उजव्या बाजूला त्यांनी अंजनाचं लाकूड आणलं. चाचांनी कपाळावर हात मारला. अंजन म्हणजे लोखंडाचा भाऊ, पटाशी बोथट होते. आणि एका बाजूला पिवळसर साग, दुसऱ्या बाजूला काळपट अंजन. "लोग हसेंगे, नाना. एक आँख में काजल, एक में नही, ऐसा दिखेगा."

"दिसू दे."

मग त्यांनी नावेतल्या खोलीच्या दारापासून आतल्या टोकापर्यंत, कमरेच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना एक गोल पट्टी बसवायला काढली. बोटांत धरता येईल अशी. आणि तिच्यावर खाचा पाडायला सांगितल्या. बाक सुरू होतं तिथे एक खाच. पाण्याचा घडा ठेवायचा कोनाडा, तिथे दोन. छत खाली उतरतं तिथे तीन.

चाचा म्हणाले, "नयी लकडी को जखम क्यूँ करते? बघायला वाईट दिसंल ना."

"बघायला नाहीचय ते," नाना म्हणाले.

चाचा नमाजाला गेले. मी सुई खाली ठेवली. माझा हात त्या अंजनावर होता. बाहेर ऊन होतं, तरी ते लाकूड थंड लागत होतं. डाव्या हाताखालचा साग कोमट होता. मी दोन्ही हात तसेच ठेवून बसले आणि मला कळलं. अंधारातसुद्धा डावं-उजवं समजेल, अशी नाव होती ती.

"नाना," मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे."

ते खाच घासत राहिले. घासता घासताच म्हणाले, "मागच्या संक्रांतीला मी तेलाचा हात सदऱ्याला पुसला. एवढा मोठा डाग. तसाच तिच्यासमोर जेवायला बसलो. ती काही बोलली नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोच सदरा घातला. तिसऱ्या दिवशीही. मग इथे येऊन बसलो."

"मग तिला बोला ना काही! ती एकटी..." मी थांबले. शपथ मोडली होतीच.

"ती लपवते आहे ना? लपवण्यात तिचं सगळं बळ लागलंय. त्यावर ती उभी आहे. मी 'कळलं' म्हटलं की ती खाली बसेल. बसायचं तर बसू दे, पण बसायला जागा तयार पाहिजे की नको?" त्यांनी खाचेतला भुसा फुंकला. "लाकडाला घाई करता येत नाही. तेवढी मात्र आता मला करायची आहे. तुम्ही तिला काही बोलू नका."

म्हणजे दुसरी शपथ. पुढचे दहा-अकरा महिने मी त्या घरात दोघांची गुपितं घेऊन जिने चढले-उतरले. अक्का मला विचारी, त्यांना शंका आली नाही ना? मी म्हणे, नाही. नाना विचारत, आज उजव्या डोळ्याने कसं आहे? मी सांगे. खोटं बोलायची मला सवय नव्हती, पण त्या घरात मी खोटं बोलले त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

काम पुरं झालं ते दिवाळीनंतर. शेवटचे आठ दिवस नानांनी आतल्या लाकडाला जवसाचं तेल चोळलं. स्क्रू सगळे त्यांनी स्वतः बसवले, चाचांना एकही बसवू दिला नाही. मग गाड्या आणून नाव मेहरूणला नेली. नऊ दिवस ती तलावाच्या काठाला उथळ पाण्यात बांधून ठेवली, म्हणजे लाकूड पाणी पिऊन फुगेल आणि फटी मिटतील. पहिल्या दिवशी आत गुडघाभर पाणी झालं. चाचा बादलीने उपसत म्हणाले, "अब समझा उस बुढ़िया का. सचमुच प्यासी थी." नवव्या दिवशी तळ कोरडा राहिला.

अक्काने यायला नकार दिला. मी तिला समजावलं, ती रागावली. "मला काय दिसणार आहे तिथे?" ती बोलून गेली आणि एकदम गप्प झाली, कारण नाना दारात उभे होते. नानांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. म्हणाले, "मास्तरीणबाईंना पोहता येत नाही. त्या घाबरतात. तू सोबत असलीस तर येतील." अक्काने माझा हात धरला. मला कळेना, कोण कुणाला सोबत नेतंय.

सकाळची वेळ. तलावावर धुकं विरत होतं, पलीकडच्या काठावरच्या बाभळी पाण्यात उलट्या उभ्या होत्या. तलावात मासे धरणाऱ्या भोई लोकांनी नाव ढकलून दिली. जमिनीपासून सुटताना तिने जी हळू उसळी घेतली, ती अजून माझ्या पोटात आहे. अंगणात हजारदा हलल्याचा भास झाला होता, पण हे निराळंच होतं. कुणी झोपेतून उचलून घ्यावं तसं.

नानांनी शीड सोडलं. अक्काला म्हणाले, "आत बस. ऊन लागेल."

ती वाकून खोलीच्या दारात शिरली. तिने आधारासाठी हात पुढे केला आणि तो त्या गोल पट्टीवर पडला. मी तिच्या मागेच होते. तिची बोटं पट्टीवरून पुढे सरकली. एक खाच. तिने दुसरा हात खाली नेला, बाक लागलं. पुढे दोन खाचा. हात आत गेला आणि घड्याला टेकला. ती थांबली. मग उजवा हात दुसऱ्या बाजूला नेला, अंजनावर. तो थंडपणा तिला लागला. परत साग. परत अंजन. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती त्या पट्टीवरूनच हात फिरवत उलटी फिरली, कुठेही न अडखळता दाराशी आली आणि बाहेर तोंड करून म्हणाली,

"कधीपासून?"

"मागच्या संक्रांतीच्याही मागच्या," नाना म्हणाले.

"आणि मला बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस?"

अक्काने पट्टी घट्ट धरली. ती रडणार असं मला वाटलं. नानांनाही तसंच वाटलं असावं, कारण सुकाणूचा दांडा त्यांच्या हातून सुटला, शीड फडफडून दुसऱ्या बाजूला आलं आणि नाव जागच्या जागी गोल फिरली. त्यांनी दांडा पकडला, भलतीकडे वळवला, नाव पुन्हा फिरली. काठावर भोई हसू लागले. तेव्हा आम्हाला एक गोष्ट कळली. नानांना नाव चालवताच येत नव्हती. धुळ्याला दर वेळी साहेब चालवी आणि नाना समोर बसून पाण्याची खोली लिहून घेत. तिच्या प्रत्येक पट्टीचा इतिहास त्यांना ठाऊक होता, पण दांडा त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा हातात धरला होता.

तिसऱ्या गिरकीला अक्का ओरडली. संतापली की ती माहेरच्या बोलीत जाई.

"वारा आठून ई ऱ्हायना, मंग तुम्ही तोंड तथा कसाले करतस? सरका! माले द्या!"

वारा इकडून येतोय आणि तोंड तिकडे कशाला करता, द्या इकडे. ती पट्टीला धरून बाहेर आली, नानांना कोपराने बाजूला केलं आणि दांडा घेतला. तापीकाठचं माहेर. लहानपणी बापाबरोबर पैलतीरावरच्या शेतावर नावेने ये-जा केलेली. एवढ्या वर्षांत तिने हे सांगितलं नव्हतं आणि नानांनी विचारलं नव्हतं. तिने गाल वाऱ्याकडे केला, डोळे मिटून घेतले, ते असेही आता तिच्या फारशा कामाचे नव्हते, आणि दांडा जरासा दाबला. शीड भरलं. नाव सरळ झाली आणि निघाली.

नाना तिच्या पायाशी बसले. "समोर बाभळी आहेत," ते म्हणाले. "अजून लांब आहेत."

"किती?"

"शंभर हात."

"मग सांगा पन्नास झाले की."

एवढंच बोलत ते दोघे सबंध तलावभर फिरले. मी गादीवर बसून होते. मला भीती वाटली नाही.

पुढे दर रविवारी असंच चाले. वर्षभरात अक्काची नजर पूर्ण गेली, तरी रविवार चुकला नाही. दोनदा ते दोघे जाऊन काठावरच्या चिखलात रुतले आणि भोयांनी त्यांना ओढून काढलं. तेव्हा चूक कुणाची, नीट न सांगणाऱ्याची की नीट न ऐकणारीची, यावर आठवडाभर भांडण झालं. ओसरीच्या पायरीची हद्द मात्र राहिली नाही. अक्का दुपारी अंगणात येऊन बसू लागली. नाना तिला गावातलं सगळं वाचून, बघून सांगत, आणि मधेच काहीतरी स्वतःचं घुसडून देत. तिला ते लगेच कळे.

माझी बदली धुळ्याला झाली. लढाईचे दिवस होते, येणं-जाणं कमी झालं. लढाई संपली त्या उन्हाळ्यात चाचांनी कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं, नाना गेले. दोन दिवस ताप आला आणि झोपेतच गेले. मला पोचायला उशीर झाला.

मी गेले तेव्हा तेरावा उलटून गेला होता. अक्काने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "वाळलीस," म्हणाली. मग म्हणाली, "आज तलावावर चल. नाव भोयांना देऊन टाकतेय. तिने पाण्यात राहावं. माझ्याने एकटीने होत नाही, समोर काय आहे ते सांगणारं कुणी नाही."

तलावावर चाचा आधीच आलेले होते. ज्याला नाव द्यायची तो भोई हात जोडून उभा होता. त्याला बोलणं अवघड जात होतं. "अक्का, नाव झकास शे. पन पुढली खोली... जाळं ठेवाले जागा पुरत नही. आतलं बठ्ठं लाकूड काढनं पडी. तुमले वाईट वाटी."

म्हणजे आतलं सगळं लाकूड काढावं लागणार होतं. अडीच वर्षांची प्रत्येक पट्टी मला दिसली. मी म्हटलं, "अक्का, नको. दुसऱ्या कुणाला देऊ."

माझा हात सोडून अक्का नावेत चढली आणि आत गेली. आम्ही काठावर उभे होतो. ती आत किती वेळ होती ते मला सांगता येणार नाही. पाण्यावर पाणकोंबड्या फिरत होत्या. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा शांत होता.

"काढ," ती भोयाला म्हणाली. "मासे धरायची नाव आहे, जाळं राहायला हवं."

"दुसरा कोई हात नही लगाएगा," चाचा म्हणाले. "मैं निकालूँगा." पेचकस घेऊन ते आत शिरले. आम्ही दोघी काठावर बसलो. आतून त्यांच्या धापा ऐकू येत होत्या. पेचकस घसरल्याचा आवाज, पुन्हा लावल्याचा, पुन्हा घसरल्याचा. म्हाताऱ्या हातांना स्क्रू दाद देत नव्हता. शेवटी लाकूड कळवळल्यासारखं करकरलं.

अक्का मान तिरकी करून ऐकत होती. तिने माझा गुडघा दाबला आणि हसली.

"ऐकलंस? केवढं घट्ट बसवलंय ह्यांनी."